हाँगकाँग ते हनोई: व्हिएतनामी बोट पीपलच्या परतपाठवणीचं प्रकरण

१९९१ साली हाँगकाँग या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीच्या किनाऱ्यावर २० हजारांहून जास्त व्हिएतनामी माणसं नावांतून उतरली. देश सोडून असे नावेनं निघालेले लोक म्हणजे ‘बोट पीपल’. पुढच्या सालचा आकडा आहे १२. बारा हजार नव्हे, बारा माणसं.

याचं सोपं उत्तर असं दिलं जातं की ब्रिटननं सक्तीनं परत पाठवायला सुरुवात केली आणि लोक यायचे थांबले. पण सक्तीनं पाठवायला सुरुवात १९८९ मध्येच झाली होती, आणि तो प्रयोग एका विमानानंतर बंद करावा लागला. ब्रिटन आणि व्हिएतनाम ही तीच दोन सरकारं आणि त्याच छावण्या असताना दोन वर्षांनी तीच गोष्ट पार पडली. फरक पडला तो कोणाला आधी पाठवायचं, या क्रमामुळे.

आधीचं ओझं

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडली. चारच दिवसांनी ‘क्लारा मर्स्क’ हे डॅनिश जहाज समुद्रातून वाचवलेल्या ३,७४३ लोकांना घेऊन हाँगकाँगमध्ये दाखल झालं. पुढची मोठी लाट १९७८-७९ ची. दक्षिणेतला खाजगी व्यापार हनोईनं, म्हणजे व्हिएतनामच्या सरकारनं, बंद केला, मग चीनशी युद्ध झालं, आणि चिनी वंशाच्या व्हिएतनामींना देशात राहणं कठीण झालं. जून १९७९ या एका महिन्यात आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर ५४ हजारांहून अधिक लोक पोहोचले. मलेशिया आणि थायलंड नावा पुन्हा समुद्रात लोटू लागले.

जुलै १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत तीन पक्षांची देवाणघेवाण ठरली. आग्नेय आशियातल्या देशांनी तात्पुरता आसरा द्यायचा, पाश्चात्त्य देशांनी या लोकांना कायमचं घेऊन जायचं, आणि व्हिएतनामनं काही काळ बेकायदा निर्गमन रोखायचं. पुनर्वसनाच्या जागांची आश्वासनं सव्वा लाखावरून दोन लाख साठ हजारांवर गेली. याच्या जोडीला, मे १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्त कार्यालय आणि हनोई यांच्यात ‘सुनियोजित निर्गमन कार्यक्रमा’चा करार झाला होता. नावेत बसण्याऐवजी अर्ज करा, मुलाखत द्या आणि विमानानं जा, असा तो मार्ग होता. या मार्गानं पुढच्या काळात सहा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. यातला आराखडा चांगला होता, पण त्यात एक भोक होतं. छावणीत पोहोचलेल्या प्रत्येकाला ‘निर्वासित’ मानलं जाई, म्हणजे नाव किनाऱ्याला लागली की अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा रस्ता खुला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांचा उत्साह ओसरला, पण छावणी म्हणजे प्रतीक्षालय ही समजूत कायम राहिली. जानेवारी १९८६ मध्ये हनोईनं सुनियोजित निर्गमनाच्या नव्या मुलाखती थांबवल्या, तेव्हा कायदेशीर दारही अर्धं मिटलं.

हाँगकाँगनं जुलै १९८२ पासून नव्या लोकांना बंदिस्त छावण्यांत ठेवायला सुरुवात केली. त्यानं आकडे थोडे उतरले. १९८७ मध्ये ३,४०० च्या आसपास लोक आले. १९८८ मध्ये मात्र १८ हजारांवर. आणि हे लोक वेगळे होते: बहुतेक उत्तरेचे, हायफाँग आणि क्वांग निन्ह भागातले. त्यांचा जुन्या सायगाव सरकारशी संबंध नव्हता. चीनच्या किनाऱ्याला धरून, वाटेत बंदरांवर थांबत, डिझेल-पाणी भरत ते यायचे. खुल्या समुद्रातला प्रवास कमी, म्हणून धोका कमी, म्हणून खर्चही कमी.

स्थानिकांच्या रागाला एक साधं कारण होतं. ग्वांगडाँगमधून चोरून आलेला चिनी माणूस पकडला की हाँगकाँग त्याला लगेच परत पाठवत असे. १९८० च्या ऑक्टोबरपासून तोच नियम होता. त्या चिन्यांमध्ये हाँगकाँगकरांचे सख्खे नातेवाईक असत. त्यांना परत पाठवायचं आणि व्हिएतनामींना पोसायचं, हे लोकांच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. शिवाय १९९७ मध्ये वसाहत चीनच्या ताब्यात जायची होती आणि हा प्रश्न तुम्हीच आधी निकाली काढा, असं बीजिंगनं लंडनला स्पष्ट बजावलं होतं.

छाननी

१६ जून १९८८ ला हाँगकाँगनं नियम बदलला. यापुढे येणारा प्रत्येक व्हिएतनामी बेकायदा स्थलांतरित मानला जाईल. आपण निर्वासित आहोत हे त्यानं सिद्ध करायचं. १९५१ चा निर्वासित करार ब्रिटननं हाँगकाँगला लागू केलेलाच नव्हता, त्यामुळे हे करायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण पुनर्वसन करणारे देश ही छाननी मान्य करतील का, हा प्रश्न होता. म्हणून सप्टेंबर १९८८ मध्ये निर्वासित उच्चायुक्तांशी समझोता झाला. मुलाखत हाँगकाँगच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यानं घ्यायची, निकष निर्वासित करारातले (मायदेशी छळाची रास्त भीती आहे का) लावायचे, उच्चायुक्तांच्या वकिलांनी लक्ष ठेवायचं, आणि नकार मिळाल्यास पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता यायची.

पुढे हाँगकाँगच्या छाननीत साधारण पाचात एक माणूस निर्वासित ठरला. उरलेले चार कुठे जाणार, याचं उत्तर जून १९८८ मध्ये कोणाकडेही नव्हतं. वाटाघाटींतलं खरं कोडं तिथूनच सुरू झालं. छाननी म्हणजे केवळ निवड नव्हे. नाकारलेल्यांना परत न्यायला कोणी तयार असेल तरच तिला अर्थ. तोवर नाकारलेला माणूस काटेरी तारेमागे बसून राहणार, आणि त्याचा गावाकडचा भाऊ ‘अजून परत कोणाला पाठवलेलं नाही’ एवढंच ऐकणार.

१३ डिसेंबर १९८८ ला हनोई आणि निर्वासित उच्चायुक्तांमध्ये सामंजस्य करार झाला. त्याचे तीन खांब होते. परतणाऱ्याला बेकायदा देश सोडल्याबद्दल शिक्षा होणार नाही. उच्चायुक्तांचे कर्मचारी त्यांना घरी जाऊन भेटू शकतील. आणि परतणं स्वेच्छेनं असेल. पहिलं विमान मार्च १९८९ मध्ये गेलं, त्यात ७५ जण होते. व्हिएतनामच्या दंडसंहितेत विनापरवाना देश सोडणं गुन्हा होता, म्हणून शिक्षामाफीचं वचन महत्त्वाचं होतं. पण माफी फक्त निघून जाण्याच्या गुन्ह्याला होती. नाव चोरणं, प्रवासाची दलाली करणं किंवा वाटेत हिंसा करणं यांना ती लागू नव्हती. हा फरक पुढे अनेक तक्रारींच्या मुळाशी निघाला: ‘परतलेल्याला अटक झाली’ अशी बातमी यायची, आणि तपासात ती दलालीच्या गुन्ह्यासाठी होती असं निघायचं.

१३-१४ जून १९८९ च्या जिनिव्हा परिषदेत हाँगकाँगचा नियम सगळ्या भागाला लागू झाला. त्याचं नाव ‘सर्वंकष कृती आराखडा’. मर्यादा-तारखेआधी पोहोचलेल्यांना जुन्या पद्धतीनं पुनर्वसन, नंतर आलेल्यांना छाननी. आग्नेय आशियातल्या बहुतेक देशांसाठी ही तारीख १४ मार्च १९८९, हाँगकाँगसाठी १६ जून १९८८. परिषदेचं अध्यक्षपद मलेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांकडे होतं, आणि पुढच्या सुकाणू समितीच्या बैठका उच्चायुक्त कार्यालयाच्या सर्जिओ व्हिएरा द मेलो यांनी चालवल्या.

नाकारलेल्यांबद्दल आराखड्यातलं वाक्य मुद्दाम लवचिक ठेवलं होतं. आधी स्वेच्छेनं परतण्याला सगळं प्रोत्साहन द्यायचं, आणि काही काळानं पुरेशी प्रगती दिसली नाही तर आंतरराष्ट्रीय रीतीनुसार मान्य असलेले इतर पर्याय तपासायचे. लंडननं त्याचा अर्थ ‘सक्ती’ असा लावला. वॉशिंग्टन आणि हनोई यांनी तो अर्थ नाकारला. सगळ्यांना सही करता यावी म्हणून ठेवलेला हा संदिग्धपणा त्या दिवशी उपयोगी पडला आणि पुढची अडीच वर्षं सगळ्यांना भोवला.

एक विमान, ५१ माणसं

१९८९ मध्ये हाँगकाँगमध्ये ३४ हजारांच्या आसपास लोक आले. स्वेच्छेनं परतलेले मात्र एका हजाराच्या आसपासच. ब्रिटननं हनोईशी थेट बोलणी केली आणि १२ डिसेंबर १९८९ ला, पहाटे तीनच्या सुमारास, फीनिक्स हाउस या केंद्रातून ५१ जणांना उचललं: ८ पुरुष, १७ बायका, २६ मुलं. दंगलविरोधी पोशाखातले पोलीस, जाळीच्या गाड्या, काई ताक विमानतळ, आणि कॅथे पॅसिफिकचं भाड्याचं विमान.

निर्णयाची बाजू कागदावर ठीक होती. सगळे छाननीत नाकारलेले होते, आणि परतल्यावर त्यांचा छळ झाल्याचं नंतर आढळलं नाही. पण पहाटेची वेळ निवडली ती पत्रकार टाळायला, आणि परिणाम उलटा झाला. गुपचूप केल्यामुळेच ते काहीतरी लपवण्यासारखं असल्याचं चित्र जगभर गेलं. ५१ मधली निम्म्याहून जास्त मुलं होती, ही निवड कोणी विचारपूर्वक केली असेल असं वाटत नाही. कुटुंबंच उचलली की मुलं येणारच, पण पहिल्या विमानासाठी एकटे तरुण निवडणं शक्य होतं.

अमेरिकेनं जाहीर निषेध केला. अमेरिकेसाठी हा केवळ मानवी हक्कांचा मुद्दा नव्हता. व्हिएतनामवर तिचे आर्थिक निर्बंध चालू होते, व्हिएतनामनं सैन्य घातलेल्या कंबोडियाचा प्रश्न मिटला नव्हता, आणि कम्युनिस्ट राजवटीकडे माणसं सक्तीनं पाठवण्याला संमती देणं तिच्या राजकारणात परवडणारं नव्हतं. ब्रिटिशांनी तिथल्या तिथे टोला हाणला: हैतीहून येणाऱ्या नावा तुम्ही १९८१ पासून समुद्रातच अडवून परत पाठवताच ना? मुद्दा बिनतोड होता, आणि निरुपयोगीही. वाटाघाटीत समोरच्याचा दुटप्पीपणा दाखवल्यानं त्याची भूमिका बदलते असं क्वचितच घडतं.

खरा तोटा हनोईकडे झाला. व्हिएतनामला पाश्चात्त्य कर्ज, मदत आणि मान्यता हवी होती, आणि त्या सगळ्यांच्या किल्ल्या वॉशिंग्टनकडे होत्या. अमेरिकेला न आवडणारं विमान आपल्या धावपट्टीवर उतरवण्यात हनोईला काय मिळणार होतं? सक्तीनं पाठवलेले आणखी लोक घेणार नाही, असं व्हिएतनामनं सांगितलं. जानेवारी १९९० च्या सुकाणू समितीच्या बैठकीत अमेरिका आणि व्हिएतनाम यांनी सक्तीची परतपाठवणी लांबवण्याची मागणी केली, ब्रिटन आणि आसियान देशांना लवकरची तारीख हवी होती, आणि बैठक फिसकटली. मे महिन्यात आसियान देश आणि हाँगकाँग यांनी मनिलात जाहीर केलं की परतपाठवणीवर तोडगा निघाला नाही तर तात्पुरता आसरा देणंच थांबवण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. ही पोकळ धमकी नव्हती; मलेशियाच्या किनाऱ्यावरून हजारो लोकांना नावांसह इंडोनेशियाकडे वळवलं जात होतंच.

मधली पायरी

सप्टेंबर १९९० मध्ये ब्रिटन, हाँगकाँग, व्हिएतनाम आणि निर्वासित उच्चायुक्त यांच्यात नवा समझोता झाला. त्यात एक नवाच वर्ग निर्माण केला: स्वेच्छेचा अर्ज भरला नाही, पण परत जायला ज्यांची हरकत नाही असे लोक.

वाचायला हे हास्यास्पद वाटतं, पण त्यामागचा हिशोब पक्का होता. छावणीत स्वेच्छेचा फॉर्म भरणं म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत हार मानणं होतं. काही बराकींत तर फॉर्म भरणाऱ्याला दमदाटी, मारहाण व्हायची. ‘मी मागितलं नाही, मला नेलं’ असं म्हणायची सोय मिळाली तर काही लोक निघतील, असा कयास होता. हनोईलाही बरं होतं: सक्तीचा शब्द कुठे नाही, आणि अमेरिकेलाही जाहीर हरकत घ्यायला जागा नाही. प्रत्यक्षात या वर्गातून फार थोडे लोक निघाले. तरीही हा समझोता वाया गेला नाही. स्वेच्छा आणि सक्ती या दोन टोकांच्या मधे काहीतरी असू शकतं, हे हनोईनं पहिल्यांदाच कागदावर मान्य केलं होतं.

पैसा आणि दुसऱ्यांदा आलेले

इथे थोडं थांबून पैशाचा हिशोब पाहायला हवा, कारण प्रकरणाची गाठ तिथे सुटली.

स्वेच्छेनं परतणाऱ्याला उच्चायुक्त कार्यालय सुरुवातीला माणशी ५० डॉलर, आणि मग वर्षभर दरमहा ३० डॉलर देत असे. एकूण ४१०. पाच जणांच्या कुटुंबाला २,०५० डॉलर. त्या काळच्या व्हिएतनाममध्ये ही रक्कम कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईपेक्षा किती तरी जास्त होती. हप्त्यांनी, व्हिएतनामच्या कामगार मंत्रालयाच्या स्थानिक कार्यालयांतून पैसे वाटायचे, यामागचा हेतू चांगला होता: माणूस गावी पोहोचतो, राहतो, आणि वर्षभर त्याची खबर मिळत राहते.

पण न गेलेल्या शेजाऱ्याच्या नजरेतून पाहा. तारेमागे दोन वर्षं काढली, परत आला, आणि हातात नगद रक्कम. कोणाला वाटेल की नाव विकत घेण्यातला तोटा आता फार नाही. १९९१ च्या वसंतात नावांचा ओघ पुन्हा वाढला. कारणं बरीच होती: सोव्हिएत मदत आटत होती, पूर्व युरोपात गेलेले कामगार परत येत होते, अफवा तर कायमच्या. पण हे अनुदानही त्यातलं एक होतं. आणि या लाटेत असे लोक सापडले जे आधी स्वेच्छेनं परतले होते, पैसे घेतले होते, आणि पुन्हा नावेत बसून आले होते. ऑक्टोबर १९९१ पर्यंत हाँगकाँगच्या छावण्यांत ६४ हजारांच्या घरात माणसं होती.

उच्चायुक्त कार्यालयानं सप्टेंबर १९९१ च्या अखेरीस नियम बदलला: यापुढे नव्यानं येणाऱ्याला परतताना फक्त ५० डॉलर. म्हणजे त्याच पाच जणांच्या कुटुंबाला २,०५० च्या जागी २५०. जुन्या लोकांचा हक्क कायम ठेवला, म्हणजे आत असलेल्यांचा परतण्याचा उत्साह मोडणार नाही. नव्यांचा काढला, म्हणजे निघण्याचं आमिष उरणार नाही. एकाच योजनेच्या दोन टोकांना दोन वेगळे दर लावण्याची ही युक्ती दोन वर्षं आधी सुचायला हवी होती.

दुसऱ्यांदा आलेल्यांनी वाटाघाटीची कोंडी फोडली ती अशी. सक्तीनं पाठवण्याविरुद्धचे सगळे आक्षेप एकेक करून या गटाला लावून पाहिले तर एकही टिकत नाही. छळ होईल? हे लोक आधी परत गेले होते, उच्चायुक्तांच्या माणसांनी त्यांना घरी जाऊन पाहिलं होतं, छळ झाला नव्हता. निर्वासित असतील? मग आधी स्वतःहून परत का गेले? व्हिएतनाम म्हणेल आमचे नागरिक नाहीत? एकदा नागरिक म्हणून घेतलेले आहेत, कागद तयार आहेत. आणि संख्या काहीशेच. हनोईला पचवायला सोपी. अमेरिकेला आवाज उठवायचाच असता तरी कोणाच्या बाजूनं उठवणार?

शिवाय बाहेरची परिस्थिती बदलली होती. १९८६ पासूनच्या आर्थिक सुधारणा मूळ धरत होत्या, कंबोडियातून व्हिएतनामी सैन्य १९८९ मध्ये बाहेर पडलं होतं, आणि २३ ऑक्टोबर १९९१ ला कंबोडियावरचे पॅरिस करार झाले. वॉशिंग्टनचा सूर मवाळ झाला. सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, ब्रिटन, हाँगकाँग आणि व्हिएतनाम यांनी ‘सुव्यवस्थित परतपाठवणी’वर सह्या केल्या. अंमलबजावणी दुसऱ्यांदा आलेल्यांपासून आणि नव्यानं येणाऱ्यांपासून सुरू झाली. ९ नोव्हेंबर १९९१ ला हर्क्युलस या मालवाहू विमानातून ५९ जण गेले. काहींना उचलून विमानात चढवावं लागलं. टीका झाली, पण १९८९ सारखं वादळ उठलं नाही. मे १९९२ मध्ये करार सगळ्या नाकारलेल्यांना लागू झाला.

क्रम लक्षात घ्या. आधी ज्यांच्याबद्दल कोणीच भांडणार नाही तो गट. मग नव्यानं येणारे, कारण त्यांना नियम आधीच माहीत होता. आणि शेवटी छावणीतले सगळे जुने. १९८९ मध्ये सुरुवात या शेवटच्या गटापासून केली होती. १९९२ मध्ये त्या गटाची पाळी आली तोवर यंत्रणा चालू होती, विमानं जात होती, आणि रोखायला कोणी उरलं नव्हतं.

परत जायचं म्हणजे नेमकं काय

वाटाघाटीचे मथळे सह्यांबरोबर संपतात, काम तिथून सुरू होतं. कुटुंबाचा फॉर्म: नावं, जन्मतारखा, शेवटचा पत्ता, जिल्हा, वॉर्ड, निघाल्याची तारीख, नावेचा क्रमांक. याद्या हनोईला. तिथून प्रांताला, प्रांतातून गावच्या पोलिसांकडे, आणि ‘हो, आमचाच माणूस’ असं उत्तर उलट्या वाटेनं. इथे सगळ्यात जास्त वेळ जायचा, आठवडे किंवा महिने. व्हिएतनामी अधिकारी हाँगकाँगमध्ये येऊन मुलाखती घेऊ लागल्यावर वेग वाढला. मग विमान, स्वागत केंद्रात नोंदणी आणि तपासणी, आणि गावाकडे जाणारी बस.

गावी पोहोचल्यावर पहिली लढाई असायची घराच्या नोंदणीची. त्या काळी व्हिएतनाममध्ये ‘हो खाऊ’ ही कौटुंबिक नोंद नसेल तर मुलाला शाळेत घालणं, घर नावावर करणं, कर्ज घेणं, सगळंच अडत असे. देश सोडलेल्याचं नाव या वहीतून कापलेलं असायचं. ते पुन्हा चढवणं वरून आदेश आला तरी वॉर्डातल्या कारकुनाच्या मर्जीवर असे, आणि त्याची किंमतही लागे. परतलेल्यांना भेटायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना छळाच्या कहाण्यांपेक्षा या वहीच्या तक्रारी जास्त ऐकायला मिळत. नोकरीवर परत न घेतलेला शिक्षक आणि मच्छीमाराची विकून टाकलेली नाव या तक्रारी त्याच पठडीतल्या.

म्हणून युरोपीय समुदायानं मोठा पैसा ओतला तो व्यक्तींऐवजी गावांमध्ये: व्यवसाय प्रशिक्षण, आणि व्हिएतनामी बँकांमार्फत छोट्या धंद्यांना कर्ज, तेही परतलेल्यांना आणि तिथेच राहिलेल्यांना, दोघांना. हा भाग वाटाघाटीतला कमी बोलला गेलेला, पण हनोईच्या दृष्टीनं सर्वांत पटणारा होता. पळून गेलेल्याला बक्षीस आणि राहिलेल्याला काहीच नाही, असं झालं असतं तर पुढची नाव त्याच गल्लीतून निघाली असती. नावा निघत होत्या त्या किनाऱ्यांवर जोडीला प्रचारमोहीमही चालली. छावण्यांतली चित्रफीत, रेडिओवरच्या घोषणा, आणि ‘छाननीत नाकारलं तर परत यावं लागेल’ हा एकच निरोप. १९८८ पासून हाँगकाँगच्या रेडिओवर व्हिएतनामी भाषेतली ही घोषणा इतक्या वेळा वाजली की भाषेचा गंध नसलेल्या शहराला तिची पहिली ओळ पाठ झाली होती. पण नोव्हेंबर १९९१ पर्यंत ती घोषणा रिकामी होती, आणि रिकामी घोषणा ऐकणाऱ्याला आधीच कळलेली असते.

जे चुकलं, आणि जे उरलं

प्रकरण यशस्वी म्हणायचं तर त्याची किंमत मोजायला हवी. बंदिस्त छावण्या म्हणजे तीन मजली लोखंडी बंक, एका बंकवर एक कुटुंब, आणि पडद्यासाठी चादर. उत्तर-दक्षिण वैर त्याच बराकींत कोंबलेलं. ३ फेब्रुवारी १९९२ ला, व्हिएतनामी नववर्षाच्या आदल्या रात्री, सेक काँग छावणीत दोन गटांची मारामारी झाली, झोपडीला आग लागली आणि २४ जण मेले. हे सह्यांनंतर तीन महिन्यांनी. करार झाला होता पण माणसं तिथेच होती, कारण विमानांचा वेग पडताळणीच्या वेगाइतकाच.

दुसरी चूक बाहेरून आली. १९९५ मध्ये, अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे संबंध सुरळीत होत असतानाच, अमेरिकी काँग्रेसमध्ये नाकारलेल्यांची पुन्हा छाननी करण्याचा प्रस्ताव आला. हेतू सहानुभूतीचा होता. पण बातमी छावण्यांत पोहोचली आणि स्वेच्छेनं परतणाऱ्यांची संख्या कोसळली. थांबलात तर अमेरिका मिळेल, असा अर्थ लोकांनी काढला. मे १९९५ मध्ये व्हाइटहेड छावणीतून लोकांना हलवताना पोलिसांनी हजारो अश्रुधूर नळकांडी फोडली, आणि मे १९९६ मध्ये तिथे मोठी दंगल आणि पलायन झालं. शेवटी अमेरिकेनं तोडगा काढला तो उलट दिशेनं: आधी व्हिएतनामला परत जा, तिथे मुलाखत देऊ. पुन्हा छाननी मिळाली, पण ती मिळवायला छावणी सोडावी लागली. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेनं अनेक जण हललेही. हाच तोडगा एक वर्ष आधी असता तर अश्रुधूर वाचला असता, असं आमचं मत.

पडताळणीची साखळी जिथे तुटली तिथे कायद्यानं हस्तक्षेप केला. काही चिनी वंशाच्या लोकांना व्हिएतनाम आपले नागरिक मानायला तयार नव्हता. त्यांना परत पाठवता येणार नाही आणि तरी ‘परत पाठवण्यासाठी’ म्हणून डांबून ठेवलंय, हे कसं? मार्च १९९६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे हाँगकाँगसाठीच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, ठरवलं की परत पाठवणं वाजवी काळात शक्य नसेल तर ती कोठडी बेकायदा आहे, आणि अशा लोकांना सोडावं लागलं. करारात ‘व्हिएतनामी नागरिक’ लिहिताना नागरिकत्वाचा निर्णय एकट्या हनोईवर सोडला होता, त्याचा हा हिशोब.

आराखडा ३० जून १९९६ ला अधिकृतपणे संपला. त्याखाली एकूण १ लाख ९ हजारांच्या आसपास व्हिएतनामी परत गेले, त्यातले सुमारे ६७ हजार हाँगकाँगहून. बहुसंख्य स्वेच्छेनं, सक्तीनं गेलेले कमी. सक्तीची विमानं उडू लागली तेव्हाच स्वेच्छेच्या विमानांत गर्दी झाली, हे आकड्यांतून दिसतं, त्यामुळे ‘स्वेच्छेनं’ या शब्दाचा अर्थ जरा सैल धरावा. फिलिपिन्सनं वेगळी वाट धरली: १९९६ च्या सुरुवातीला सक्तीची विमानं थांबवली आणि चर्चच्या मध्यस्थीनं उरलेल्या सुमारे अडीच हजार लोकांना राहू दिलं. तिथल्या आकड्यात ते परवडलं. हाँगकाँगच्या आकड्यात परवडलं नसतं.

हाँगकाँगमधल्या शेवटच्या सुमारे १,४०० लोकांना, ज्यांना कोणताच देश घ्यायला तयार नव्हता, फेब्रुवारी २००० मध्ये तिथेच राहण्याची परवानगी मिळाली आणि काही महिन्यांनी पिलर पॉइंट हे शेवटचं केंद्र बंद झालं. छावण्यांच्या खर्चापोटी हाँगकाँगनं निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाला दिलेल्या उचलीतले १ अब्ज १६ कोटी हाँगकाँग डॉलर बाकी राहिले. ती रक्कम देणगीदारांकडून पैसे आले तरच फेडायची होती. हाँगकाँगच्या विधिमंडळात तो प्रश्न पुढेही अनेकदा विचारला गेला, आणि सरकारचं उत्तर दर वेळी तेच असे: पाठपुरावा चालू आहे.